चिऊची सहामाही

प्लेनो, टेक्सास
७ डिसेंबर, रविवार रात्र

प्रिय कुंदा,

माईंच्या वर्षश्राद्धाला मी फोन केला नाही. तारीख लक्षात होती, अगदी दिवसभर होती. आत्ता तिकडे पहाट असेल, आत्ता पाहुणे असतील, असं म्हणत राहिले आणि दिवस गेला. मग कुठल्या तोंडाने करावा तेच कळेना. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. चिऊच्या बाबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढं काय, एक परीक्षा तर आहे." त्याला आपली गच्ची माहीत नाही.

तब्येती ठीक. माझी पाठ आहे तशीच, त्याची शुगर आटोक्यात. बठ्ठं बरं शे.

चिऊची सहामाही १६ तारखेला आहे. इथे तिला सेमिस्टर एक्झाम म्हणतात, पण अर्ध्या वर्षाचे सगळे धडे एका पेपरात, म्हणजे आपली सहामाहीच. आपली दिवाळीच्या तोंडावर यायची, हिची नाताळच्या. विषय अल्जिब्रा टू. इथली रीत ऐक, तुझ्यातली शिकवणारी बाई चक्रावेल. हिने आठवीत अल्जिब्रा वन केलं, नववीचं अख्खं वर्ष नुसती भूमिती, आणि आता दहावीत परत बीजगणित. आपल्याकडे दोन्ही विषय एका वर्षात, सख्ख्या जावांसारखे, एकीचं झालं की दुसरीचं. इथे मधलं वर्षभर पोरांनी वर्गसमीकरणाला हात लावलेला नसतो, आणि शाळा सुरू झाली की बाई गृहीत धरतात की अवयव पाडता येतातच.

तर गुरुवारी रात्री ती उजळणीचे कागद घेऊन बसली. ६० गणितं, सगळ्या धड्यांची मिसळ. केवलमूल्य, तीन चलांची समीकरणं, वर्गसमीकरणं, वर्गमुळाची समीकरणं, सगळं एकात एक. पोरगी धड्याच्या चाचण्यांत ८०च्या खाली आलेली नाही, म्हणून मी निवांत होते. पहिली २० सोडवली आणि त्यातली ११ चुकली. मी तपासत होते, कुंदा. हातात लाल पेन होतं. ते मी हातात घ्यायला नको होतं, हे आता कळतंय.

चुका कसल्या, तर (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९. मधले ६क्ष गेले कुठे? दुसरीकडे २क्ष² − ३क्ष − ५ = ० हे सूत्राने सोडवायचं, तर ब² च्या जागी हिने −९. का? तर कॅल्क्युलेटरवर −३² दाबलं आणि त्याने −९ दाखवलं. त्याची काही चूक नाही, तो आधी ३ चा वर्ग करतो आणि मग उणे लावतो. कंस घातला असता तर ९ आलं असतं, आणि ९ + ४० म्हणजे ४९, कसं सुबक वर्गमूळ निघतं. हिचं आलं ३१. मग √३१ घेऊन पानभर चिखल. "कंस विसरली की कंसमामा मारतो" हे आपल्या सरांचं वाक्य मला तेव्हाच आठवायला हवं होतं. ती हसली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्याऐवजी मी म्हणाले, "अगं, हे आम्ही आठवीत करायचो."

तिने वही मिटली. ओरडली नाही, रडलीही नाही. जिना चढताना मागे न बघता म्हणाली, "आई, माझं डोकं गणिताचं नाहीच आहे."

कुंदा, हेच वाक्य. तुमच्या गच्चीवर, नववीच्या सहामाहीच्या आदल्या आठवड्यात, मी हेच बोलले होते आणि तू माझ्या हातातून वही ओढून घेतली होतीस. पान फाटलं. आठ दिवस बोललो नाही आपण. तू म्हणतेस भांडण फाटक्या पानावरून झालं. मी आजही सांगते, ते त्यावरून नव्हतं. आदल्या दिवशी मी तुझ्या वहीतून चार गणितं उतरवली होती आणि तू वर्गात सगळ्यांदेखत म्हणालीस, "उत्तर तर उचललंसच, माझी चूकही उचललीस." खरंच दोघींच्या वहीत ७ आठे ५४ होतं. मला ते इतकं लागलं होतं की गणितच नको वाटायला लागलं, आणि गच्चीवर ते वाक्य तोंडून आलं. पण मग नवव्या दिवशी तू आलीस, जिजींनी दिलेली कळण्याची भाकरी घेऊन, आणि ती पाठकोरी वही. चुकांची वही. त्या वहीमुळे मी पुढे इंजिनियर झाले हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. आज सांगतेय.

गुरुवारी रात्री मी खाली कपड्यांच्या मशीनपाशी बसून ते ६० गणितांचे कागद पुन्हा नीट वाचले. आणि मला फार वाईट वाटलं, कारण मी बोलले ते खरंही नव्हतं. आठवीत कुठलं! क्ष² + ४क्ष + १३ = ० सारखी गणितं होती त्यात, वर्गमुळाखालचा विवेचक −३६, उत्तर उणे दोन अधिक-उणे तीन आय, आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. संमिश्र संख्या आपल्याला अकरावीत आल्या. आपण दहावीत विवेचक ऋण आला की "वास्तव मुळे नाहीत" एवढं लिहून रेघ मारून मोकळ्या व्हायचो. ही पंधरा वर्षांची पोर त्या रेघेच्या पुढे चाललीय, आणि तिला मी आठवी ऐकवली.

शुक्रवारी मी तिची माफी मागितली. "इट्स ओके" म्हणाली. त्या "ओके"ची मला अजून भीती वाटतेय.

शनिवारी सकाळी मात्र बसली माझ्याबरोबर. लाल पेन मी कचऱ्यात टाकलं, तिच्यासमोर. मग तुझी पद्धत. ११ चुका घेतल्या आणि एकही परत सोडवायची नाही, फक्त प्रत्येक कुठे सुरू झाली तिथे बोट ठेवायचं. निघालं काय माहितीय? ५ ठिकाणी चिन्ह, ३ ठिकाणी कंसाचा वर्ग, २ ठिकाणी अपूर्णांक. आणि नव्या धड्यातली खरी न समजलेली गोष्ट एकच, तीही आयच्या वर्गाची, तिथे उणे एक लिहायचं राहिलं होतं. म्हणजे दहावीचं तिला येतंय गं! जे घसरतंय ते जुनं आहे. तिने तो हिशेब बघितला आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. तू ती रोज वर्गात बघत असशील. धड्याच्या चाचणीत रीत कुठली हे धड्याच्या नावातच लिहिलेलं असतं, म्हणून तिथे ८५ पडतात. मिसळीत गणित नुसतं समोर येतं आणि रीत आपण ओळखायची. मग कागदांच्या पट्ट्या कापल्या, एका डब्यात टाकल्या आणि तिला म्हटलं, काढ एकेक, सोडवू नकोस, फक्त सांग काय करणार. अवयव, सूत्र, पूर्ण वर्ग, की दोन्ही बाजूंचा वर्ग. पहिल्या दहांत चार चुकली, शेवटच्या दहांत एक. त्यात मजा वाटली तिला. धाकटाही पट्ट्या काढायला आला आणि दोन फाडून गेला.

पूर्ण वर्गाला मात्र ती वैतागली. ३क्ष² + ५क्ष − २ = ०. शाळेत शिकवलं तसं आधी ३ ने भागायचं, मग पाच तृतीयांशाचा अर्धा पाच षष्ठांश, त्याचा वर्ग पंचवीस छत्तिसांश, आणि अपूर्णांकांत तिचा जीव गुदमरतो. तेव्हा मला तुझं "चार अ ने गुण" आठवलं. श्रीधराचार्यांची रीत, भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी सांगितलेली. इथे अ ३ आणि ब ५, म्हणून १२ ने गुणलं: ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्हीकडे ब² म्हणजे २५ मिळवले: (६क्ष + ५)² = ४९. मग ६क्ष + ५ = ±७, क्ष एकतर १/३ नाहीतर −२. अपूर्णांक आला तो थेट शेवटच्या ओळीत. चिऊ म्हणाली, "पण चारच अ का?" कुंदा, "का" विचारलं तिने! दोन दिवसांपूर्वी जिचं डोकं गणिताचं नव्हतं तिने. मी तिला सांगितलं नाही, पेन्सिल दिली. पंधरा मिनिटं लागली. अ ने गुणलं की पहिलं पद पूर्ण वर्ग होतं, पण मधल्या पदाचा अर्धा घ्यावा लागतो आणि तिथे अपूर्णांक शिरू शकतो. चाराने गुणलं की पहिलं पद २अक्ष चा वर्ग, आणि मधलं पद आपोआप त्याच्या आणि ब च्या गुणाकाराची दुप्पट. अर्धं करायचं कामच उरत नाही. हे तिने स्वतः, तिच्या इंग्रजीत, मला समजावलं.

मग मी तिला पाटणादेवीचं सांगितलं. भास्कराचार्य नुसते पुस्तकातले नाहीत, आमच्या चाळीसगावापासून १८-२० किलोमीटरवरच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, १२०७ चा शिलालेख आहे तिथे, भाऊ दाजी लाडांनी तो जगासमोर आणला, आणि आम्ही तिथे सहलीला गेलो होतो. "सीरियसली?" म्हणून तिने फोनवर नकाशा काढला. किती वर्षं इथल्या रविवारच्या मराठी शाळेत नेतेय तिला, पण चाळीसगावचा नकाशा तिने पहिल्यांदा स्वतःहून बघितला.

आणि लगेच अडचणीत टाकलं मला. 'बीजगणित' या त्यांच्या ग्रंथात भास्कराचार्य म्हणतात की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही. मी हे मोठ्या अभिमानाने सांगून बसले. तर ती म्हणाली, "मग उद्या मी पेपरात आय कसा लिहू? ते चुकले का?" मी म्हटलं, चुकले नाहीत, त्यांच्या संख्यांमध्ये ते खरंच नाही, नंतर लोकांनी संख्याच वाढवल्या. तिचं समाधान झालं नाही, मला दिसलं ते. तू वर्गात काय सांगतेस? हे तू नीट सांगशील, मला शब्द पुरले नाहीत.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मग आता रडतेस कशाला. सांगते. शनिवारी एवढं छान झालं, आणि आज दुपारी √(क्ष + ६) = क्ष मध्ये तिने ३ आणि −२ दोन्ही उत्तरं लिहून दिली. −२ मूळ समीकरणात घातलं की डावीकडे २ आणि उजवीकडे −२, ते टाकायला हवं. ताडून बघायचं राहिलं, एवढंच. पण पुन्हा तेच वाक्य. या वेळी हळू आवाजात, स्वतःशीच. मी ऐकलं नसेल असं तिला वाटलं. आपण रागावलो तर पोरं रागावतात, ते निभतं. पण माझं गुरुवारचं वाक्य तिच्यात जाऊन तिचंच होऊन बसलंय का, हे मला कळत नाहीये. माझं वाक्य तू वही फाडून बाहेर काढलंस. आईने वही फाडून चालत नाही. तिथे कुंदाच लागते, आणि इथे तिला कुंदा नाही. मैत्रिणी आहेत, चांगल्या आहेत, पण सगळ्या पुढच्या तुकडीत, आणि त्यांच्यासमोर ती हे कबूल करणार नाही.

म्हणून मागतेय. पुढच्या शनिवारी आमच्या रात्री ९ वाजता, म्हणजे तुझ्या रविवारी सकाळी साडेआठला, तिच्याशी बोलशील? मराठीत बोल, तिला सगळं समजतं, फक्त भरभर नको. मी खोलीत थांबणार नाही. गणित शिकवू नकोस वाटलं तर. ते आठ दिवस मी तुझ्याशी बोलत नव्हते, तेव्हा तू काय विचार करत होतीस, ते सांग तिला. मलाही तू कधी सांगितलं नाहीस.

तुझं विचारायचं राहिलंच. बदली रद्द झाली का? दहावीचे जादा तास सुरू झाले असतील, घसा सांभाळ. पुण्याला चिरंजीव जेवतात ना नीट? धुळ्याच्या गाडीतली ती तुझी मैत्रीण परत भेटली का? सगळं फोनवर सांग, पण चिऊशी बोलून झाल्यावर.

आणि माईंचा तो तांब्याचा तपेला कुणाला देऊ नकोस. मी मे महिन्यात येतेय.

तुझी,
बेबी

ता. क. पत्र लिहून झालं तेव्हा चिऊ खाली आली होती. तिला सरांनी पाटणला घातलेलं माकडांचं गणित सांगितलं. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत, उरलेली १२ टेकडीवर, तर एकूण किती. तिने सोडवलं, १६ आणि ४८. दोन्ही ताडून बघितली, मी न सांगता, आणि म्हणाली दोन्ही बरोबर. मग मी तिला तुझ्या डब्याची गोष्ट सांगितली, आणि तू सरांना कसं ठणकावलंस, "४८च होती सर, १६ माकडांनी एवढ्या पुऱ्या संपत नाहीत." ती हसून लोळली. आता तिला खरा आकडा हवाय. शनिवारी पहिला प्रश्न तोच असेल, आठवून ठेव.