मादाम, त्या रिकाम्या पाकिटासाठी खूप खूप आभार

मादाम, तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, तरी मराठीतच लिहितेय, कारण माझ्या फ्रेंचमध्ये 'मेर्सी बोकू'च्या पुढे मनातलं नीट निघतच नाही. आणि आईनेही हे वाचायला हवं. फ्रान्समधले ते पहिले सहा आठवडे ती रोज फोनवर विचारायची, जेवलीस का? आणि मी रोज हो म्हणायचे.

मी सातवीत असताना आम्ही नाशिकहून न्यू जर्सीला गेलो, त्यामुळे घरचं जेवण मराठी आणि सवयी अमेरिकन. भूक लागली की फ्रिज उघडायचा, संध्याकाळी सहा-साडेसहाला जेवून मोकळं. कॉलेजच्या एका सेमिस्टरसाठी फ्रान्समध्ये ल्योंला आले तर तिथे दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं आठला आणि मधे तीन-चार वाजता बऱ्याच रेस्टॉरंटचं किचनही बंद. तेही जमलं असतं हो. पण मी शाकाहारी, आणि आधी ज्या फ्रेंच कुटुंबाकडे राहायला होते, त्या पहिल्या घरी सॅलडमधले लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, चमच्याने बाजूला काढून तीच प्लेट माझ्यापुढे यायची. भाज्यांच्या सूपात चिकनचा स्टॉक, म्हणजे कोंबडी उकळून काढलेलं पाणी. विचारलं तर म्हणे, मांस कुठाय, पाणीच तर आहे! फ्रिजला हात लावायचा नाही. प्रोग्रामच्या ऑफिसात रडकुंडीला येऊन सांगितलं तर उत्तर काय, फ्रान्समध्ये असंच असतं, ॲडजस्ट कर. याच लोकांनी पहिल्या दिवशी स्लाइड दाखवली होती, की 2010 मध्ये युनेस्कोने फ्रेंच जेवणाची पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, एकत्र बसून जेवण्याचा आनंद वगैरे. आणि मी खोलीत दार लावून कोरडं सीरियल खात होते.

मग ल्योंमधल्याच क्रुआ-रूसच्या टेकडीवर तुमच्या घरी आले. पहिल्याच रात्री तुम्ही लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि बटाट्याचं सूप केलंत. वाफ येत होती, वास इतका छान, आणि माझा चमचा काही उचलेना. विचारायची पण हिंमत नव्हती, सहा आठवड्यांत ती संपलेली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठलात, कचऱ्याच्या डब्यातून स्टॉक क्यूबचं रिकामं पाकीट काढलंत, फडक्याने पुसलंत, माझ्या प्लेटशेजारी सरळ करून ठेवलंत आणि 'लेग्यूम' या शब्दाखाली बोट फिरवलंत. भाज्या. मग खाली बसून स्वतःचं सूप प्यायला लागलात, जणू काही झालंच नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं तुम्ही म्हणू शकला असतात, पण तुम्ही मला स्वतः वाचू दिलंत. मी दोन वाट्या प्यायले आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

त्यानंतर मला सगळं शिकावंसं वाटायला लागलं. ब्रेड प्लेटमध्ये नाही, शेजारी टेबलक्लॉथवरच ठेवायचा. हात मांडीवर नकोत, टेबलावर दिसायला हवेत (अमेरिकेत बरोब्बर उलटं). चीज गोडाच्या आधी, आणि ब्री चीजच्या तिकोनी तुकड्याचं टोक आपल्यासाठी कापून घ्यायचं नाही. चार वाजता बगेतच्या, म्हणजे लांब फ्रेंच पावाच्या तुकड्यात डार्क चॉकलेटची वडी खुपसून द्यायचात, त्यावर आठपर्यंत निभायचं. आणि 'सर्वेल द कॅन्यू'! नावाचा अर्थ रेशीम विणकरांचा मेंदू, ऐकून मी हादरले, तर तुम्ही वाडग्यावरचं झाकण काढलंत, आत फेटलेलं ताजं चीज, त्यात कांदा, लसूण, हिरवी पात. थेट आपला चक्का, फक्त तिखटमिठाच्या वाटेने गेलेला.

आमची आजी नाशिकला उपवासाचा पाहुणा आला की आधी विचारायची, तुम्हाला जिरं चालतं का, कोथिंबीर चालते का, आणि मगच खिचडी टाकायची. कुणाला त्यात कटकट वाटली असेल, तिला कधी वाटली नाही. तुम्ही दोघी एकमेकींना भेटायला हव्या होतात मादाम, भाषेवाचून काही अडलं नसतं. अशी माणसं जगात आहेत म्हणून आमच्यासारख्या परक्या गावी गेलेल्या मुली तगून राहतात, हे मी अगदी मनापासून सांगते.

मार्चमध्ये मी आईला घेऊन येतेय. तिने थालीपीठाची भाजणी बांधून ठेवलीये. भाजणीत काय काय आहे, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे, सगळं मी फ्रेंचमध्ये लिहून पाकिटावर चिकटवलंय, तुम्हाला वाचता येईल असं मोठ्या अक्षरात.