कामगारमंत्र्यांना खुले पत्र: बोर्डावरचं ते बटण दाबायला लावा

माननीय कामगारमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

बांधकामाच्या साइटवर वायरमन म्हणून माझी बावीस वर्षं गेली. एका पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला मोटर लावली होती. वायरला तीन जोड, वर काळी टेप, त्यातला एक जोड पाण्यात. प्लग नव्हताच, उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली. पाइप सरकवायला एक पोरगा खड्ड्यात उतरला, तो वर आलाच नाही. मी धावत बोर्डाकडे गेलो तेव्हा एमसीबी, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणारा खटका, चालूच होता. अहवालात कारण पडलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

साहेब, १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. दहा-पंधरा मिलीअँपिअरलाच (मिली म्हणजे हजारावा भाग) मूठ आवळते, धरलेलं सुटत नाही. १०० मिलीअँपिअर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस जातो, आणि एवढ्याशा करंटचा एमसीबीला पत्ताही लागत नाही. त्यात आमची माणसं घामाने आणि सिमेंटच्या पाण्याने दिवसभर ओली. माणसासाठी असते ती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (साइटवर तिला अजून ईएलसीबीच म्हणतात). बोर्डावरची ही पेटी गेलेला आणि परतलेला करंट सतत ताडून बघते. फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी गळतोय, की क्षणात पुरवठा तोडते. ब्रिटनमध्ये तर साइटवरची हातातली यंत्रं ११० व्होल्टवर चालवतात, तीही अशा ट्रान्सफॉर्मरवर की जमिनीच्या मानाने ५५ व्होल्टच राहतात.

‘सारखी ट्रिप होते, काम खोळंबतं’ म्हणून मुकादम आरसीसीबी बायपास करायला सांगतो. एकदा मीही केली, लपवत नाही. कटरची वायर सोललेली निघाली. बिचारी तेच सांगत होती.

डोक्यावरच्या ११ हजार व्होल्टच्या तारांपुढे मात्र तिचं काही चालत नाही. सळई नुसती जवळ गेली तरी ठिणगी झेप घेते. तिथे लाइन बंद करणं किंवा हलवणं एवढाच उपाय, आणि त्या परवानगीला आठवडे लागू नयेत.

आरसीसीबीवर ‘टी’, म्हणजे टेस्ट, लिहिलेलं छोटं बटण असतं. निरीक्षक येतात, रजिस्टर मागतात, हेल्मेटं मोजतात. ते बटण दाबताना मी अजून एकालाही पाहिलेलं नाही. तपासणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: बटण दाबलं, खटका पडला की नाही? पडला नाही तर पुरवठा तिथल्या तिथे बंद. कागदपत्रं नंतर होऊ देत.

आपला,
एक वायरमन