नोकरीचं ठरलं आहे

ती. आई आणि बाबांना सा. नमस्कार.

तिरुअनंतपुरमला होकार कळवला आहे. काल फोनवर सांगणारच होते, पण बाबांनी मध्येच काढलं, "रॉकेटचे बूस्टर परत उतरतात ना, मग त्या युरोपा क्लिपर यानाला तिन्ही का घालवले?" बाबा, तुम्हाला विचारायचं दुसरंच होतं. तरी आधी हेच सांगते.

२०१८ ला फाल्कन हेवी रॉकेटचे दोन बूस्टर, म्हणजे त्याला वर ढकलणारे खालचे भाग, शेजारीशेजारी उतरले तेव्हा तुम्ही आईला झोपेतून उठवलं होतंत. मधला समुद्रात गेला, ते तुम्ही कुणाला सांगत नाही!

ब्रह्मगिरीवर पाण्याची एक बाटली उतरताना लागेल म्हणून तुम्ही फोडू द्यायचा नाहीत, मी भोकाड पसरलं तरी. बूस्टरचं तसंच. परत येताना इंजिन पुन्हा पेटवायचं, तर ते इंधन वर जाताना वापरता येत नाही. शिवाय उतरायच्या पायांचं वजन. फाल्कन ९ या लहान रॉकेटचा एकुलता बूस्टर सोडून दिला तर भूस्थिर कक्षेच्या वाटेवर ८.३ टन जातात, परत आणायचा तर साधारण ५.५. पार किनाऱ्यावर आणायचा तर मागे वळण्यात आणखी इंधन जातं, म्हणून पुढे समुद्रातच जहाज उभं करतात. क्लिपर सहा टनांचं आणि जायचं गुरूकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये फाल्कन हेवीच्या तिन्ही बूस्टरांचं इंधन शेवटपर्यंत जाळलं, तेव्हा कुठे तेवढा वेग मिळाला.

आता माझं. ओझरला विमानं बनतात हे मला माहीत आहे, पण मला रॉकेटचंच काम हवं होतं, आणि ते तिकडे आहे. पगार मागितला त्यापेक्षा कमी आहे. त्याऐवजी दिवाळीची आणि मे महिन्याची रजा लिहून घेतली आहे. खोली हवेशीर आहे, तूरडाळ मिळते, शेंगदाण्याचं तेलही मिळतं. आई, गोडा मसाला तेवढा तुझाच लागेल. आणि तुझ्या जुन्या साडीची गोधडी मी नेणार आहे, तिकडे थंडी नसली तरी.

बाबा, बीपीची गोळी चहाबरोबर नाही, नाश्त्यानंतर. स्कूटर घेऊन रविवार कारंजाच्या गर्दीत शिरायचं नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. आठवड्यातून तीनदा कामाला मावशी येणार आहेत, पैसे मी दिलेत. "आमचं आम्ही करतो" म्हणून त्यांना परत पाठवलंत तर मी ताईला तुमच्याकडे राहायला पाठवेन, मुलांसकट.

तुमची,
चिमी