कोंबडीच्या गाठीपासून लसीपर्यंत

संपादक साहेब,

कॅन्सरवर नवीन औषध आलं की मोठी बातमी होते, पण त्यामागे लॅबमध्ये किती वर्षं गेली ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. १९११ साली पेटन राऊस या शास्त्रज्ञांनी कोंबडीची कॅन्सरची गाठ कुटून बारीक केली, पेशी आणि बॅक्टेरियासुद्धा अडकतील अशा बारीक फिल्टरमधून तो रस गाळला आणि निरोगी कोंबडीला टोचला, तर तिलाही तशीच गाठ आली! म्हणजे गाठीचं कारण फिल्टरमधून पार झालेला व्हायरसच. फार कुणी मनावर घेतलं नाही, नोबेल मिळालं थेट १९६६ ला.

पण मला सगळ्यात जास्त हलवून टाकतं ते पुढचं. १९७६ मध्ये बिशप आणि वार्मस या शास्त्रज्ञांच्या टीमने दाखवलं की त्या व्हायरसमधला गाठ करणारा जीन मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतला, व्हायरसने तो तिथूनच उचललेला. म्हणजे कॅन्सरचं बी आपल्याच पेशीत, एरवी वाढीचं साधं काम करत असतं.

एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा व्हायरस, त्याचं वेगळं, त्याची दोन प्रोटीन्स पेशीची वाढ रोखणारे ब्रेकच निकामी करतात, म्हणजे पेशीतली पी५३ आणि आरबी ही प्रोटीन्स. बहुतेकांच्या शरीरातून हा व्हायरस आपोआप जातो, वर्षानुवर्षं राहिला तर धोका. हा व्हायरस कॅन्सर करतो हे लॅबमध्ये कळलं म्हणूनच गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी लस आली, २००६ मध्ये.

लसीबद्दल घाबरवणारे मेसेज फिरतात तेव्हा फार वाईट वाटतं. तुमच्या पेपरात ही सगळी गोष्ट सविस्तर, सोप्या भाषेत छापा ना, प्लीज.

एक वाचक