जर्मनच्या वर्गात विम्याचाही धडा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात इथलं कुशल मनुष्यबळ तिकडे कामाला पाठवण्याचा करार झाला. तेव्हापासून साताऱ्याकडच्या ओळखीतून नर्सिंग केलेल्या, आयटीआय झालेल्या मुलामुलींचे मला फोन येतात. मी नऊ वर्षं याच राज्यात, एसलिंगनला राहते. पहिला प्रश्न पगाराचा असतो, दुसरा थंडीचा. आजारी पडलो तर काय, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. येताना मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच वर्षी मध्यरात्री पोटात कळ आली. इथे जिवावर बेतलं तर ११२ आणि एरवी दवाखाने बंद असताना ११६११७, हे दोन आकडे शेजारच्या आजींनी आम्हाला फ्रिजवर लिहून दिले होते. ११६११७ वाल्यांनी इस्पितळात जायला सांगितलं. पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रिया ठरली. नवरा डेबिट कार्ड हातात धरून खिडकीशी उभा, डिपॉझिट किती भरू म्हणून विचारतोय. तिथल्या बाईंना प्रश्नच कळेना. त्यांनी माझं विम्याचं कार्ड यंत्रात घातलं, मनगटाला पट्टी बांधली आणि मला आत नेलं. चार दिवसांनी घरी आले. पुढे टपालाने बिल आलं ते ४० युरोंचं, म्हणजे दिवसाला १० युरो. वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस एवढंच आपण द्यायचं. त्या रात्री नवऱ्याचा चेहरा कसा सैल झाला ते मी विसरणार नाही. याच आजारात माझ्या मावशीला गावाकडे दागिने गहाण ठेवावे लागले होते.

हे फुकट नाही, हेही मुलांना सांगायला हवं. सरकारी पद्धतीच्या विम्यात, जो चालवणाऱ्या संस्थांना इथे सगळे 'कासे' म्हणतात, पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या त्या कासेचा जादा आकार कापला जातो. निम्मा भार मालक उचलतो. पहिली पगाराची चिठ्ठी बघून पोरं हबकतात. पण नोकरी नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. आजारपणात सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर कासे साधारण ७० टक्के देते. साध्या त्वचेच्या डॉक्टरसाठी मात्र तीन महिने थांबलेय मी.

चांगला पगार असलेल्यांना खासगी विम्याचे एजंट गाठतात. तरुणपणी हप्ता कमी दिसतो, पण पंचावन्नी ओलांडल्यावर कासेत परत येणं जवळपास अशक्य होतं. ही गोष्ट सही करण्याआधी कळायला हवी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. कासेत आईवडील बसत नाहीत. ते व्हिसावर भेटायला येतात तेव्हा किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो आणि तो आपल्याकडचाच एजंट काढून देतो. माझ्या वडिलांना बारा वर्षांपासून शुगर. एजंट म्हणाला, "काका, शुगर लिहू नका, उगाच हप्ता वाढेल." 'आधीचा आजार' या रकान्यात त्यानेच 'नाही' लिहिलं, बाबांनी सही केली. इथे नव्या बुटाने बाबांचा अंगठा सोलवटला, जखम चिघळली आणि पाच दिवस इस्पितळात राहावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबांनी खरं ते सांगितलं, शुगर बारा वर्षांपासून आहे. डॉक्टरांनी तेच कागदावर लिहिलं आणि कंपनीने दावा नाकारला. चार हजार युरोंच्या वरचं बिल आम्ही हप्त्याहप्त्याने फेडलं. पैसे फिटले, पण बाबा त्यानंतर इकडे आले नाहीत. "तुझ्यावर बोजा नको" म्हणतात. नात व्हिडिओ कॉलवर त्यांना पायाचा अंगठा दाखवायला सांगते.

पालकांना माझं कळकळीने सांगणं आहे की शुगर, बीपी, अँजिओप्लास्टी, जे असेल ते अर्जात लिहा. हप्ता वाढला तर मुलांकडून घ्या, तो आमचा हक्क आहे. जुन्या आजाराला संरक्षण मिळतं का, कितपत, ते एजंटच्या तोंडून न ऐकता पॉलिसीत वाचून घ्या. गोळ्यांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून आणा. बाबांची एक गोळी ओळखायला इथल्या डॉक्टरांना अर्धा तास लागला.

आणि निघणाऱ्यांनो, भारतातला आरोग्यविमा बंद करण्याआधी दहादा विचार करा. परत आल्यावर नवा घेतलात तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

इकडे येणाऱ्यांना जर्मन शिकवणाऱ्या वर्गांत शासनाने यासाठी फक्त एक दिवस द्यावा. कासेचा अर्ज, पगाराची चिठ्ठी आणि प्रवासी विम्याचा फॉर्म समोर ठेवून मराठीतून ओळ न् ओळ समजावून सांगावी. माणूस मिळत नसेल तर कुठल्याही रविवारी इथून ऑनलाइन शिकवायला मी तयार आहे. बाबांचा तो फॉर्म मी जपून ठेवलाय, सुरुवात त्याच रकान्यापासून करीन.

आपली,
एक वाचक, एसलिंगन (जर्मनी)