अक्कलदाढेचा विमा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : माहितीपत्रकात ‘अक्कलदाढेसह’ असे छापूनही शस्त्रक्रियेचा दावा नाकारल्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कंपनीची दंतविमा पॉलिसी घेतल्यानंतर आठव्या महिन्यात माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ, म्हणजे दंतवैद्यांच्या भाषेत ४८ क्रमांकाचा दात, शस्त्रक्रिया करून काढावी लागली. या खर्चाचा दावा आपण ‘प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला नाही’ एवढ्या एका ओळीत फेटाळला. हा निर्णय मला मान्य नाही.

पॉलिसी निवडताना मी तीन योजना शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. उरलेल्या दोन्हींचे हप्ते आपल्यापेक्षा कमी होते, परंतु त्यांत अक्कलदाढेचा उल्लेख नव्हता. आपल्या माहितीपत्रकातील तक्त्यात मात्र ‘दात काढणे (अक्कलदाढेसह) : ८० टक्के, प्रतीक्षा कालावधी ६ महिने’ असे ठळक छापलेले होते. तेवढ्यावर विसंबून न राहता मी आपल्या प्रतिनिधींना फोन केला, माझी दाढ आडवी असून हाडात अडकलेली आहे हे सांगितले आणि हीच ओळ तिलाही लागू पडते का, असे विचारले. त्यावर ‘हो मॅडम, अक्कलदाढ त्यात धरलेलीच आहे’ असे उत्तर मिळाले. प्रस्ताव अर्जातही या दाढेची नोंद मी स्वतःहून केली आहे.

आता आपण ज्या कलमाकडे बोट दाखवत आहात, ते पहिला हप्ता भरल्यानंतर हाती आलेल्या पॉलिसीच्या २३व्या पानावर आहे. हाडात पूर्णतः किंवा अंशतः अडकलेला दात शस्त्रक्रियेने काढणे हा तेथे ‘मोठा उपचार’ ठरवला असून त्यास ५० टक्के भरपाई आणि १२ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी लावला आहे. म्हणजे तक्त्यातील ‘अक्कलदाढेसह’ हा शब्द केवळ सरळ उगवलेल्या आणि चिमट्याने निघणाऱ्या दाढेपुरता आहे. परंतु खास अक्कलदाढेसाठी विमा शोधणारा माणूस बहुधा जबड्यात जागा न मिळाल्याने अडकून बसलेल्या दाढेमुळेच तो शोधत असतो, हे दंतविमा विकणाऱ्या कंपनीस ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

शस्त्रक्रिया पुढे ढकलता आली असती, असेही आपल्या अधिकाऱ्यांनी फोनवर सुचवले. सातव्या महिन्यात त्या दाढेवरील हिरडीचा पापुद्रा सुजून तोंड जेमतेम एक बोट आत जाईल इतकेच उघडत होते. प्रतिजैविकांनी सूज उतरली, पण तीन आठवड्यांत पुन्हा आली. संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये ही दाढ पुढच्या दाढेवर रेललेली असून तिच्या टेकण्याच्या जागी कीड सुरू झाल्याचे दिसते. दंतशल्यचिकित्सकांनी त्याच फिल्मवर पेनाने मुळांखालून जाणारी नस आखून, शस्त्रक्रियेत तिला धक्का लागल्यास ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते, हे मला समजावले होते. हौसेने करून घेण्यासारखी ही शस्त्रक्रिया नव्हे. आणखी चार महिने थांबून पुढच्या दाढेला रूट कॅनल करण्याची पाळी आली असती, तर त्याचे बिलही आपल्याकडेच आले असते!

शस्त्रक्रियेपूर्वी मी पूर्वमंजुरी मागितली होती. ‘दात काढण्यासाठी पूर्वमंजुरीची आवश्यकता नाही’ असे आपले ईमेल माझ्याकडे आहे. त्या वेळी एक्स-रे आणि उपचाराचा अंदाजित खर्च दोन्ही आपल्यासमोर होते. प्रतीक्षा कालावधीची अडचण असल्यास ती सांगण्याची वेळ तीच होती.

तरी हा दावा एखाद्या दंतशल्यचिकित्सकाकडून फेरतपासून माहितीपत्रकातील ८० टक्के दरानेच मंजूर करावा. एक्स-रे हा आपल्याच तक्त्यानुसार निदानाच्या सदरात, कोणत्याही प्रतीक्षा कालावधीविना येतो. त्याचे बिल शस्त्रक्रियेच्या बिलासोबत सरसकट का नाकारले, याचा खुलासाही वेगळा द्यावा. माझ्या त्या फोन संभाषणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, ही विनंती. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी हीच कागदपत्रे विमा नियामकाकडे सादर करीन.

आपली,
पॉलिसीधारक

सोबत : माहितीपत्रकाची प्रत, पूर्वमंजुरीबाबतचे ईमेल, एक्स-रे, शस्त्रक्रियेचा अहवाल व बिले.