पशुविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण गोठ्यापर्यंत येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत पशुविज्ञानातील पदव्युत्तर शिक्षणाची माहिती वाचली. परीक्षा, जागा, नोकरीच्या संधी हे सगळं त्यात आहे आणि पदवी हातात पडताच पुढे शिकणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. पण आधी काही वर्षं गावोगाव फिरून काम केलेले आणि मग शिकायला परत येऊ पाहणारे पशुवैद्य त्यात कुठेच नाहीत. त्यांच्या वतीने हे पत्र.

मी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि खानापूर-आटपाडी भागात एका दूध संघात नोकरीला लागले. कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, कासदाह, पोटफुगी, अडलेल्या गायी असं रोजचं काम. आमचा भाग मूळचा दुष्काळी. टेंभू योजनेचं पाणी आलं तसा ऊस वाढला आणि उसामागून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यात आले. गळीत हंगामात वाढ्यांच्या पेंढ्या स्वस्त मिळतात, मग दावणीत सकाळ-संध्याकाळ तेच. याच दिवसांत व्यायलेल्या गायी बसू लागल्या, उठेनाशा झाल्या की आम्ही पशुवैद्य शिरेतून कॅल्शियमची बाटली लावायचो. गाय उठायची, घरातली माणसं हात जोडायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र विचारलं, “मॅडम, बाटली लावली की उठती, पण बसतीच का?”

या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर मला पाठ होतं. त्याच्या दावणीचं, त्याच्या चाऱ्याचं उत्तर शोधण्यासाठी मी पशुपोषण विषयात एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी करायचं ठरवलं.

तिथे काय शिकले ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुरवणीत नेमकं तेच येत नाही. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं, म्हणून “वाढे घालू नका” असा सल्ला सगळेच देतात. पण जनावराच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, काही जिवाणू ऑक्झलेट मोडू शकतात आणि चारा हळूहळू बदलला तर त्यांची संख्या वाढते. म्हणजे वाढे किती घातले याबरोबरच ते किती अचानक घातले हेही पाहावं लागतं. दुसरी गोष्ट व्यायच्या आधीच्या कॅल्शियमची. व्यायल्याबरोबर चिकासाठी आणि दुधासाठी कासेकडे एकदम कॅल्शियम ओढलं जातं. ते हाडांतून सोडवायचं काम गायीच्या शरीराला आधीपासून चालू ठेवावं लागतं. गाभणकाळाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत भरपूर कॅल्शियम पाजलं तर ही यंत्रणा सुस्तावते आणि ऐन वेळी कमी पडते, मग गाय बसते. आमच्या भागात कितीतरी घरी गाभण गायीला मायेनं कॅल्शियमची बाटली पाजतात. ती कधी थांबवायची आणि व्यायल्यावर कधी सुरू करायची, हे समजावून सांगितलं तर शेतकरी लगेच ऐकतो. खर्च वाढत नाही, उलट वाचतो.

हे शिकायची रीतही वेगळी आहे. पचनीयता चाचणीत गायीला घातलेला प्रत्येक किलो चारा आणि दावणीत उरलेला प्रत्येक किलो वजन करून लिहायचा. सात दिवस रात्रंदिवस शेण गोळा करायचं, वाळवायचं, दळायचं. मग प्रयोगशाळेत नायट्रोजन काढून त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनं, डिटर्जंटमध्ये उकळून तंतू, शिवाय राख आणि खनिजं. सगळा हिशेब जुळला की गायीला त्या चाऱ्यातून खरोखर काय मिळालं हे कळतं. नोकरीत असताना मी खुराकाच्या पोत्यावरचा मजकूर वाचत होते. आता त्या पोत्यातला नमुना तपासायला पाठवते आणि आलेल्या आकड्याला प्रश्न विचारते.

करिअरचं म्हणाल तर या पदवीने माझं काम बदललं. आज मी पशुखाद्याच्या कारखान्यात खाद्याचं सूत्र ठरवते. मका महागला, सरकी पेंडीत बुरशी आढळली, सोयाबीन पेंडीचा दर पडला की सूत्र पुन्हा मांडावं लागतं. बुरशीच्या बाबतीत तर जराही सूट देता येत नाही. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष गायीच्या पोटातून दुधात उतरतं आणि एका किलो दुधात त्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमचीच मर्यादा आहे. पगार वाढला हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मला मोठी गोष्ट वाटते ती ही की पूर्वी माझा सल्ला एका गोठ्यापुरता होता, आता तो हजारो दावणींत जातो.

आता अडचण. एम.व्ही.एस्सी. हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा, पूर्ण वेळचा अभ्यासक्रम आहे. मी ज्या संघात होते तिथे दोन वर्षांची बिनपगारी रजासुद्धा मंजूर झाली नाही, राजीनामा द्यावा लागला. मुलगी लहान होती. सासूबाईंनी तिला सांभाळलं म्हणून मी वसतिगृहात राहू शकले. माझ्याबरोबरच्या दोघी-तिघी हुशार पशुवैद्य याच कारणाने अर्ज भरूनही गेल्या नाहीत. त्या आजही उन्हातान्हात फिरून उत्तम काम करतात. त्यांच्याकडे प्रश्नांचा जो साठा आहे तो कुठल्याही महाविद्यालयाला हेवा वाटावा असा आहे.

म्हणून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला माझी कळकळीची विनंती आहे. नोकरीत काही वर्षं काढलेल्यांसाठी पहिलं वर्ष महाविद्यालयात आणि दुसऱ्या वर्षीचं संशोधन नोकरीच्या ठिकाणी, अशी सोय करा. मार्गदर्शक महाविद्यालयातले, सहमार्गदर्शक दूध संघातले किंवा कारखान्यातले. नमुने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासले जावेत, गायी मात्र शेतकऱ्याच्या असाव्यात. गोठ्यात शिस्त ठेवणं कठीण जाईल, आकडे महाविद्यालयाच्या कळपाइतके स्वच्छ येणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी वाढ्यावर जगणारी गाय वाढ्याच्या मुलखातच तपासली पाहिजे. महाविद्यालयातल्या गायीला वर्षभर मोजून मापून चारा मिळतो, आमच्याकडच्या गायीला हंगामाप्रमाणे मिळतो.

आणि दूध संघांना सांगणं असं की, दरवर्षी एका पशुवैद्याला अर्ध्या पगारावर पाठवा आणि परत आल्यावर तीन वर्षं तुमच्याकडेच काम करण्याचा करार लिहून घ्या. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (दुधातल्या फॅटखेरीजच्या घन घटकांवर) दर ठरणाऱ्या धंद्यात पोषण जाणणारा एक माणूस काय देऊ शकतो, याचा हिशेब संघाच्या लेखापालाला सहज मांडता येईल.

तालुक्याच्या गावी असं संशोधन होत नाही, असं कुणी म्हणू नये. आमच्यापासून फार लांब नसलेल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे करून दाखवलं आहे. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते ही इथल्या मेंढपाळाची अडचण. संस्थेने सुंदरबनच्या छोट्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणलं आणि त्यातून सुवर्णा मेंढी तयार झाली. आनुवंशिकी शिकलेल्या माणसांनी मेंढपाळाचा प्रश्न हाती घेतला म्हणून हे घडलं.

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनाही एक सांगायचं आहे. एमपीएससीची जाहिरात येईपर्यंतची दोन वर्षं म्हणून ही पदवी घेऊ नका. पशुधन विकास अधिकारी व्हायला पदवी पुरते, त्यात कमीपणा मुळीच नाही. पण कुणाची तरी संशोधनाची जागा अडवून तिथे बसून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचणं मला फार खटकतं. विषयही सोपा कोणता, जागा कुठे रिकामी, असं पाहून निवडू नका. आधी सहा महिने गोठ्यांत हिंडा. तुम्हाला झोपू न देणारा प्रश्न खुराकाचा असेल तर पशुपोषण, वंशाचा असेल तर आनुवंशिकी व पैदासशास्त्र, गोठ्याच्या रचनेचा आणि खर्चाचा असेल तर पशुधन उत्पादन व व्यवस्थापन. कृषी पदवीधरांनीही निराश होऊ नये. त्यांना एम.व्ही.एस्सी. करता येत नाही आणि उपचारही करता येत नाहीत, पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. आमच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर राहुरीचा असाच एक विद्यार्थी बसतो आणि कच्च्या मालाची पारख त्याच्याइतकी चांगली कुणालाच नाही.

आपल्या पुरवणीने पुढच्या अंकात एवढं करावं: राज्यातल्या कोणत्या दूध संघांत आणि पशुखाद्य कारखान्यांत कर्मचाऱ्यांना शिक्षणासाठी रजा मिळते, कोणत्या अटींवर मिळते, हे विचारून छापावं. ज्यांच्याकडे मिळत नाही त्यांनाही कारण विचारावं. माझ्या जुन्या सहकारी ते पान कापून आपल्या व्यवस्थापकांसमोर ठेवायला तयार आहेत.

आपली,
एक पशुवैद्य, विटा (जि. सांगली)
(नोकरीत असल्यामुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)